अर्धमेले दुवे : बडोद्यातील एका वस्तीच्या वायरलेस मेशचा प्रकरण अभ्यास

डांडिया बाजार आणि रावपुरा यांच्या मधल्या जुन्या बडोद्यात वाडे, तीन-चार मजली इमारती आणि अरुंद गल्ल्या एकमेकांना खेटून उभ्या आहेत. मराठी कुटुंबे इथे गायकवाडी काळापासून राहतात. वाड्यांचे मालक अनेक, भाडेकरू जुने, भिंतीला भोक पाडायचे तर पाच जणांची संमती लागते. त्यामुळे प्रत्येक घरात फायबर पोहोचत नाही. अशा एका पट्ट्यात चौदा गच्च्यांवर राउटर बसवून आणि ते एकमेकांना बिनतारी जोडून, म्हणजे मेश करून, साठेक घरे, एक ग्रंथालय, एक शिकवणी वर्ग, एक पिठाची गिरणी आणि काही दुकाने जोडलेली आहेत. घरांची आणि संस्थांची नावे इथे दिलेली नाहीत. ती कळल्याने तांत्रिक बाजूत काही फरकही पडत नाही.

कायद्याची बाजू आधी सांगतो, कारण पुष्कळ वस्त्या इथेच चुकतात. घरगुती फायबर जोडणी शेजाऱ्यांना वाटणे किंवा विकणे कंपनीच्या करारात बसत नाही. इंटरनेट विकायचे तर परवाना लागतो. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत मात्र गल्लीतला दुकानदारसुद्धा सार्वजनिक डेटा कार्यालय, म्हणजे पीडीओ, होऊ शकतो. त्याला स्वतःचा परवाना लागत नाही. ओळख पटवणे आणि हिशेब ठेवणे ही कामे त्याच्या वरचा ॲग्रिगेटर करतो. या वस्तीत ग्रंथालय आणि कोपऱ्यावरचे एक दुकान असे दोन पीडीओ आहेत आणि दोघांकडेही या वापरासाठी घेतलेली फायबर जोडणी आहे. हेच दोन्ही गेटवे, म्हणजे वस्तीचे जाळे इंटरनेटला जिथे जोडते त्या जागा.

तक्रार एका वाक्यात होती : "रेंज फुल दाखवते, पण नेट चालत नाही." सकाळी सगळे ठीक चाले. रात्री आठ ते दहा या वेळेत व्हिडिओ थांबे, यूपीआयचे पैसे अडकत, शिकवणीचा ऑनलाइन वर्ग तुटे. एखादी गच्ची पूर्ण बंद पडली तर ती लगेच सापडे आणि दुरुस्त होई. त्रास होता तो धड बंद न पडणाऱ्या आणि धड न चालणाऱ्या जोडण्यांचा, म्हणजे अर्धमेल्या दुव्यांचा.

मूळ बांधणी

चौदाही ठिकाणी एकाच नमुन्याचे स्वस्त दोन-बँडचे राउटर होते. त्यांवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली होती. गच्च्यांमधला मेश आणि घरांतले वायफाय ही दोन्ही कामे २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच रेडिओवर, चॅनल ६ वर चालत. ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ रिकामा होता, कारण "त्याची रेंज कमी" असा समज होता. मार्ग ठरवायला बॅबेल हा प्रोटोकॉल होता आणि ती निवड योग्य होती. बॅबेलचे सध्याचे प्रमाण आरएफसी (इंटरनेटच्या प्रमाणांची दस्तऐवज-मालिका) ८९६६, २०२१ मधले. मार्ग बदलत असताना पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, गोल गोल फिरत राहू नयेत याची काळजी त्याच्या रचनेतच घेतलेली आहे. लहान मेमरीच्या राउटरवरही तो सहज चालतो. म्हणून दुरुस्तीत प्रोटोकॉल बदलला नाही. बॅबेलला जी माहिती मिळत होती, तीच चुकीची होती.

तपासणीत आधी काय पाहिले

दर दहा सेकंदांनी प्रत्येक राउटरवरचा मार्गांचा तक्ता पूर्ण दिवसभर साठवला आणि पुढचा टप्पा किती वेळा बदलतो ते मोजले. सोबत प्रत्येक शेजाऱ्यासाठी चार आकडे घेतले : सिग्नल, पाठवण्याचा दर, पुन्हा पाठवलेली पॅकेट्स आणि अपयशी पॅकेट्स. ओपनडब्ल्यूआरटीत हे सगळे वायरलेस स्टेशनच्या यादीत मिळते, वेगळे साधन लागत नाही.

चौदा गच्च्यांमध्ये त्रेचाळीस दुवे दिसत होते. कागदावर ही श्रीमंती वाटते. प्रत्यक्षात त्यांतल्या अर्ध्याहून अधिक दुव्यांचा सिग्नल उणे ८० डीबीएमच्या (सिग्नलचे माप, शून्याच्या जितके जवळ तितके चांगले) खाली होता आणि त्यांवरून डेटा ६.५ एमबीपीएसच्या आसपास रखडत होता. तरीही बॅबेल त्यांतल्या काहींवरून घरांची वाहतूक नेत होता.

एक साधी चाचणी इथे फार उपयोगी पडते. संशयित दुव्यावर ६४ बाइटचे पिंग, म्हणजे उत्तर मागणारे चाचणीचे पॅकेट, शंभर वेळा पाठवा, मग १४०० बाइटचे शंभर वेळा. चांगल्या दुव्यावर दोन्हींच्या वेळेत किरकोळ फरक पडतो. अर्धमेल्या दुव्यावर लहान पॅकेट निमूट जाते आणि मोठ्याचा वेळ उड्या मारू लागतो : एकदा ८ मिलिसेकंद, लगेच १८०. वायफाय हरवलेले पॅकेट आपणहून पुन्हा पाठवते, त्यामुळे गळती बाहेरून गळती दिसत नाही, उशीर दिसतो.

चुकीचा मार्ग बरोबर का वाटतो

शेजारी जिवंत आहे का हे कळण्यासाठी बॅबेल ठरावीक अंतराने लहानसा हॅलो पाठवतो. किती हॅलो पोहोचले यावरून दुव्याची किंमत ठरते. या मोजमापाचे नाव ईटीएक्स, २००३ मध्ये एमआयटीतून आलेले. सूत्र सोपे : जाण्याचे यशाचे प्रमाण गुणिले येण्याचे यशाचे प्रमाण, आणि त्याचा व्यस्त. एक पॅकेट पोहोचवायला सरासरी किती वेळा पाठवावे लागेल, ते यातून कळते.

आता ग्रंथालय ते गिरणी हा मार्ग घ्या. मध्ये चार मजली इमारत आहे. ग्रंथालय ते इमारत आणि इमारत ते गिरणी हे दोन्ही दुवे दणकट, दोन्ही दिशांना ०.९. प्रत्येकाचा ईटीएक्स १ भागिले ०.८१, म्हणजे १.२३. दोन टप्प्यांचा मिळून २.४७. ग्रंथालय ते गिरणी थेट दुवाही पुसटसा दिसतो, यशाचे प्रमाण ०.७ आणि ०.६५. त्याचा ईटीएक्स १ भागिले ०.४५५, म्हणजे २.२. बॅबेलच्या मापात (तिथे १ म्हणजे २५६) ६३२ विरुद्ध ५६३. बॅबेल थेट दुवा निवडतो आणि गणित बघता त्याचे चूक नाही.

चूक गणिताला मिळणाऱ्या आकड्यात आहे. हॅलो हे मल्टिकास्ट, म्हणजे एकदम सगळ्या शेजाऱ्यांसाठीचे, पॅकेट असते आणि वायफायमध्ये ते सर्वांत कमी दराने जाते. जुन्या २.४ गिगाहर्ट्झ मांडणीत तो दर १ एमबीपीएस असतो. इतक्या हळू बोललेले फार लांबवर ऐकू येते. ६५ एमबीपीएसचा डेटा नीट समजायला त्याहून साधारण २० डेसिबल जास्त सिग्नल लागतो, आणि मोकळ्या हवेत २० डेसिबल म्हणजे दहापट अंतर. म्हणजे हॅलो जिथे पोहोचतो तिथे डेटा पोहोचेलच असे नाही. शिवाय ईटीएक्स दराकडे पाहत नाही. १५०० बाइटचे पॅकेट ६.५ एमबीपीएसने १.८५ मिलिसेकंद हवा अडवते. ६५ एमबीपीएसने ०.१८५, म्हणजे दोन टप्पे मिळून ०.३७. निवडलेला मार्ग नाकारलेल्या मार्गाच्या पाचपट हवा खातो, तीही पुन्हा पाठवणी धरायच्या आधी. आणि हवा सगळ्या गच्च्यांची सामाईक असल्याने गिरणीच्या एका मोबाइलवरचा व्हिडिओ तिसऱ्या वाड्यातल्या वर्गाचा वेळ खातो.

संध्याकाळी हे बिघडते त्याला आणखी एक कारण आहे. हॅलो पोहोचला नाही तर तो पुन्हा पाठवला जात नाही. रात्री आठनंतर आजूबाजूचे शेकडो घरगुती राउटर जागे होतात, हॅलो हरवू लागतात, किमती हलतात, मार्ग बदलतो. भार नव्या मार्गावर जातो, तिथले हॅलो हरवतात, मार्ग परत येतो. साठवलेल्या तक्त्यांत काही गच्च्यांचा पुढचा टप्पा रात्री दर मिनिटाला बदलताना दिसला, पहाटे तोच तासन्‌तास स्थिर होता. आयआयटी कानपूरच्या ग्रामीण वायफाय प्रकल्पातल्या २००६ च्या मोजमापांनीही दुवे बिघडण्यामागे बाहेरच्या वायफायचा हस्तक्षेप हे मोठे कारण दाखवले होते. गावातल्या लांब दुव्यांचे ते निरीक्षण शहरातल्या दाट गल्लीला अधिकच लागू पडते.

पहिली दुरुस्ती : दुवे कमी करणे

उपाय उलटा वाटतो, पण तोच परिणामकारक ठरला. मल्टिकास्टचा दर १ वरून १२ एमबीपीएस केला आणि ८०२.११बी या जुन्या वायफाय प्रमाणाचे दर बंद केले. आता हॅलो पोहोचतो तो डेटाही पोहोचू शकेल अशाच ठिकाणी. युरोपातल्या सामुदायिक जाळ्यांत ही युक्ती जुनी आहे. जोडीला मेशच्या सिग्नलची किमान मर्यादा उणे ७२ डीबीएम ठेवली. त्रेचाळीस दुव्यांचे एकोणीस झाले.

हे एका झटक्यात करू नये. दर आधी ६ करा, दोन दिवस बघा, मग १२. प्रत्येक पायरीला कोणती गच्ची एकटी पडते ते लिहून ठेवा. इथे दोन पडल्या. एकीचा राउटर वाड्याच्या आतल्या चौकात, पत्र्याच्या शेडखाली होता. दुसरीचा अँटेना पाण्याच्या भरलेल्या टाकीच्या मागे होता आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झ चांगलेच शोषते. अशा वेळी दर पुन्हा खाली आणायचा मोह होतो. तो आवरायला हवा, कारण एका गच्चीसाठी दर उतरवला की सगळ्या जाळ्यात अर्धमेले दुवे परततात. दोन्ही राउटर जागेवरून हलवले आणि दोन्ही जोडले गेले.

दुसरी दुरुस्ती : कणा वेगळा करणे

एकाच रेडिओवर पॅकेट आधी ऐकायचे आणि मग तेच पुढे बोलायचे, तर दोन टप्प्यांत वेग निम्मा आणि तीन टप्प्यांत एक तृतीयांश होतो. हा उत्तम परिस्थितीतला हिशेब. एकमेकांना न ऐकू येणाऱ्या दोन गच्च्या एकाच वेळी बोलल्या तर त्याहूनही कमी. म्हणून चार मजली इमारतीच्या जिन्याच्या खोलीवर केंद्र केले आणि तिथून तीन दिशांना ५.८ गिगाहर्ट्झचे स्वतंत्र पॉइंट-टू-पॉइंट, म्हणजे दोनच ठिकाणांना जोडणारे, दुवे टाकले : ग्रंथालय, कोपऱ्यावरचे दुकान, गिरणी. हाच जाळ्याचा कणा. दुकान आणि ग्रंथालय यांच्यात चौथा दुवा टाकून त्या बाजूला त्रिकोण पूर्ण केला. बाकीच्या दहा गच्च्या या चार ठिकाणांना जास्तीत जास्त दोन टप्प्यांनी जोडल्या, तेही रिकाम्या ५ गिगाहर्ट्झ रेडिओवर. २.४ गिगाहर्ट्झ फक्त घरांसाठी ठेवले, २० मेगाहर्ट्झ रुंदीने, चॅनल १, ६ आणि ११ वाटून.

भारतात २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झचे मोठे पट्टे बाह्य वापरासाठी परवानामुक्त केले. तरी कण्यासाठी ५७२५ मेगाहर्ट्झच्या वरचेच चॅनल, १४९ ते १६१, घेतले. मधल्या पट्ट्यातले राउटर रडारसारखे काही ऐकले की चॅनल सोडतात आणि नव्या चॅनलवर साधारण ६० सेकंद ऐकून मगच बोलतात. घरातल्या राउटरला हे चालेल. कण्यावर एका खोट्या इशाऱ्याने अर्धी वस्ती मिनिटभर बंद पडते.

सर्वांत लांब दुव्याचा हिशेब असा. ४०० मीटर, ५.८ गिगाहर्ट्झ, मोकळ्या हवेतली घट सुमारे ९९.७ डेसिबल. २० डीबीएम शक्ती, दोन्हीकडे १६ डीबीआय वाढ देणारे अँटेना. अपेक्षित सिग्नल उणे ४८. प्रत्यक्षात उणे ५४ मिळाला, तो पुरेसा आहे. मोजलेला आकडा हिशेबापेक्षा १० डेसिबलहून जास्त घसरला तर अँटेना बाजूच्या लोबवर (मुख्य झोताशेजारच्या दुबळ्या झोतावर) जुळलेला आहे किंवा मध्ये काही आडवे आहे असे समजावे आणि पुन्हा जुळवावे. पहिला बरा आकडा दिसला की बोल्ट आवळणे, ही इथली सर्वांत सामान्य चूक. आधी आडवे पूर्ण फिरवून शिखर शोधावे, मग उभे.

पावसाने सिग्नल जातो, ही तक्रारही इथे तपासली. ५.८ गिगाहर्ट्झला ४०० मीटरवर मुसळधार पावसानेही नगण्य घट होते. पावसाळ्यात दुवा पडत असेल तर पाणी कनेक्टरमध्ये किंवा केबलमधून रेडिओत गेलेले असते. केबल रेडिओत शिरण्याआधी खाली झोका देऊन मग वर घेतली की थेंब झोक्यावरून गळून जातो.

तारेचा वेष घेतलेला रेडिओ

कणा बसल्यावर वेग वाढला, पण एक जुना दोष नव्या रूपात परत आला. पॉइंट-टू-पॉइंट रेडिओ राउटरला इथरनेट केबलने जोडलेले असतात. बॅबेलला ती तार वाटते. तारेसाठी तो सलग तीन हॅलोंपैकी दोन आले की ठरावीक ९६ किंमत लावतो. मधला रेडिओ ३०० वरून १३ एमबीपीएसवर घसरला तरी किंमत ९६ च. हॅलोंची गळती मोजायला सांगितली तरी फारसा उपयोग नाही, कारण या रेडिओंमध्ये हॅलोसुद्धा पुन्हा पुन्हा पाठवून पोहोचवला जातो.

उशीर मात्र लपत नाही. म्हणून बॅबेलची वेळेवर आधारित किंमत सुरू केली. २०२४ मध्ये आरएफसी ९६१६ म्हणून ती प्रमाण झाली. हॅलोवर वेळेचे शिक्के असतात, जाऊन येण्याचा वेळ एका मर्यादेपलीकडे गेला की किंमत चढू लागते आणि दुसऱ्या मर्यादेला थांबते. मूळच्या १० आणि १२० मिलिसेकंदांच्या मर्यादा इंटरनेटवरून नेलेल्या लांबच्या आभासी बोगद्यांसाठी (टनेल) ठीक आहेत. गल्लीतल्या दुव्याला दोन-तीन मिलिसेकंद लागतात, म्हणून इथे ८ आणि ६० ठेवल्या. त्याहून घट्ट ठेवल्या तर साध्या भारानेही किंमत हलते आणि पुन्हा तोच लंबक सुरू होतो.

भारामुळे येणारा उशीर गेटवेवर आवरला. फायबरच्या मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर केक ही पॅकेटांची रांग सांभाळणारी व्यवस्था लावली, २०० एमबीपीएसच्या जोडणीला १८०. रांग आपल्या ताब्यात आली की एकाचे अपलोड दुसऱ्याच्या व्हिडिओ कॉलला अडवत नाही. एवढ्याशा सेटिंगचा घरांना जितका फरक जाणवला तितका नव्या अँटेनांचाही नाही.

गेटवे जिवंत, इंटरनेट मेलेले

सर्वांत वाईट बिघाड हा होता. ग्रंथालयाचे फायबर तुटले, पण फायबरचे खोके चालू होते. राउटरला इथरनेट वर दिसत होते, डीफॉल्ट मार्ग (बाहेरच्या इंटरनेटकडे जाणारा) तक्त्यात होता आणि बॅबेल तो सगळ्यांना प्रामाणिकपणे सांगत होता. जवळच्या सात-आठ गच्च्यांची वाहतूक त्या खोक्यापर्यंत जाऊन नाहीशी होत होती. दोनशे मीटरवर दुकानाचा गेटवे धडधाकट होता.

उपाय म्हणून गेटवेवर इंटरनेट खरेच चालू आहे का ते तपासणारी स्क्रिप्ट ठेवली. ती लिहायला सोपी आहे, पण तिचे तपशील महत्त्वाचे आहेत. ती त्या फायबरच्याच इंटरफेसमधून बाहेर पडली पाहिजे. नाहीतर ती मेशमधून दुसऱ्या गेटवेवर जाते आणि सर्व ठीक असल्याचे सांगते. लक्ष्ये तीन, वेगवेगळ्या जाळ्यांतली. एकच ठेवले आणि त्याने पिंग बंद केले तर दोन्ही गेटवे एकदम स्वतःला मृत घोषित करतील. पिंगसोबत एखादे ज्ञात पान मागवून पाहावे, कारण रिचार्ज संपला की पिंग चालू राहते आणि प्रत्येक पानाऐवजी कंपनीचे देयकाचे पान येते. दर दहा सेकंदांनी तपास, सलग तीन अपयशांनंतर डीफॉल्ट मार्ग काढायचा. बॅबेल तो लगेच मागे घेतो आणि वस्ती दुसऱ्या गेटवेवर जाते. परत लावायला मात्र सलग पाच मिनिटे यश हवे. पडायला लवकर आणि उठायला उशिरा, असे ठेवले नाही तर लुकलुकणारे फायबर सगळ्यांना हेलकावत ठेवते.

हेलकावा नको याचे खास कारण यूपीआय. गेटवे बदलला की बाहेरचा पत्ता बदलतो आणि चालू असलेले प्रत्येक संभाषण तुटते. पान पुन्हा उघडता येते. खात्यातून गेलेले आणि दुकानात न पोहोचलेले पैसे माणसाला रात्रभर झोपू देत नाहीत. म्हणून प्रत्येक गच्चीला एक ठरलेला गेटवे दिला आहे. थोड्याशा स्वस्त मार्गासाठी ती तो सोडत नाही, मेला तरच सोडते. बॅबेलच्या स्रोतानुसार मार्ग ठरवण्याच्या विस्ताराने, आरएफसी ९०७९ ने, हे स्वच्छ जमते.

दोन कंपन्यांची दोन फायबर म्हणजे दोन स्वतंत्र वाटा, असे गृहीत धरले होते. पायी फिरून पाहिले तेव्हा दोन्ही केबली एकाच गल्लीतल्या त्याच खांबांवरून येत होत्या. उंच माल भरलेला एक टेम्पो दोन्ही तोडू शकला असता. दुकानाची जोडणी दुसऱ्या रस्त्याच्या बाजूने फिरवून घेतली. कोणत्याही वस्तीत दुसरी जोडणी घेण्याआधी पहिली केबल शेवटच्या खोक्यापर्यंत डोळ्यांनी मागोवा घेऊन पाहावी.

उत्तरायण

बडोद्यात १४ आणि १५ जानेवारीला, उत्तरायण आणि वासी उत्तरायणाला, सगळे शहर गच्चीवर असते. गच्च्यांवरच्या जाळ्याची खरी परीक्षा हीच. मांजाने रेडिओ लहरींना काही होत नाही. अडकलेला मांजा लोक ओढतात आणि अँटेना दोन अंश फिरतो. उंच सडपातळ ऑम्नी (सर्व दिशांना पसरणारा) अँटेना तर मांजा गोळा करण्यासाठीच उभा केल्यासारखा असतो. आणि माणसे दुव्याच्या वाटेत उभी राहतात.

वाट म्हणजे नुसती सरळ रेघ नव्हे, तिच्याभोवतीचा फ्रेनेल भाग. ४०० मीटरच्या दुव्याला मध्यावर त्याची त्रिज्या सुमारे २.३ मीटर आणि त्यातला ६० टक्के, म्हणजे १.४ मीटर, मोकळा हवा. अँटेनापासून २० मीटरवर ०.६ मीटर पुरतो. कठड्यावर किंवा टाकीच्या कट्ट्यावर चढलेला माणूस गच्चीपासून २.७ मीटरपर्यंत पोहोचतो. स्वतःच्या गच्चीवर म्हणून ३.५ मीटरचा खांब घेतला. गिरणीचा दुवा मध्यावर सारख्याच उंचीच्या शेजारच्या गच्चीवरून जातो, तिथे हिशेब ४.१ येतो, म्हणून दोन्ही टोकांना ४.५ मीटरचे खांब. दीड इंची जाड जीआय पाइप, दोन यू-बोल्ट एकमेकांपासून किमान अर्धा मीटर दूर, तीन बाजूंना ताणतारा. ताणतारांना पिवळी नळी चढवली, कारण वर बघत मागे सरकणाऱ्या मुलाला बारीक तार दिसत नाही. तुटलेल्या ताणतारेपेक्षा तो अपघात फार मोठा.

जिन्याच्या दारांवर आठवडाभर आधी मराठी आणि गुजरातीत चिठ्ठी लावली : "काका-काकू, दादा-ताई, खांबाला अडकलेला मांजा ओढू नका, कापा. स्पीकरची वायर आमच्या बोर्डातून घेऊ नका, जिन्यातल्या बोर्डातून घ्या. अँटेना हलला असे वाटले तर हात न लावता ग्रंथालयात सांगा." दुसऱ्या सूचनेची गरज अनुभवातून कळते. गच्चीवरचा सर्वांत सोयीचा प्लग हा बहुधा राउटरचाच असतो. १६ जानेवारीला चारही कण्याच्या दुव्यांचे सिग्नल आधीच्या नोंदीशी ताडून पाहायचे आणि ३ डेसिबलहून जास्त उतरलेला अँटेना पुन्हा जुळवायचा, हे वार्षिक काम ठरवले आहे.

वीज, उष्णता, केबल

गिरणीचा राउटर दिवसातून अनेकदा पुन्हा सुरू होई. गिरणीची मोटर चालू होताना व्होल्टेज खाली बसते, एवढ्यावर खापर फुटले होते. खरे कारण केबलमध्ये होते. ४० मीटर केबलवरून १२ व्होल्टची पॅसिव्ह पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच दिलेली वीज, होती आणि केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची. शुद्ध तांब्यात ६ वॉटच्या भाराला सुमारे २ व्होल्ट घसरण होते, या केबलमध्ये ३ च्या वर. राउटरला जेमतेम ९ व्होल्ट मिळत, त्यात मोटरचा झटका आला की तो बसे. शुद्ध तांब्याची शील्ड असलेली बाह्य केबल आणि २४ व्होल्टची पीओई बसवल्यावर मोटर आणि राउटर दोन्ही सुखाने चालू लागले. रेडिओला २४ व्होल्ट चालतात हे आधी त्याच्या लेबलवर वाचून घ्यावे. शील्डला अर्थिंग नसेल तर शील्डचा पैसा वाया जातो.

सर्वांत जास्त मरतात ते ॲडॅप्टर. मे महिन्यात ४२ अंशांच्या वर जाणाऱ्या शहरात, गच्चीवरच्या लोखंडी डब्यात, आतल्या कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मे होते. ॲडॅप्टर आणि बॅटरी जिन्याच्या सावलीत आणली, वर फक्त रेडिओ ठेवला. कण्याच्या ठिकाणी भार १५ वॉट. १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी ८० टक्के वापर आणि ८५ टक्के कार्यक्षमता धरून साडेअकरा तास देते. साध्या गच्चीला ६ अँपिअर-तास पुरतात, आठ तासांहून अधिक. विश्वामित्रीच्या पुराने ऑगस्ट २०२४ मध्ये शहराचे मोठे भाग अंधारात गेले होते. तेवढ्या मुक्कामाला या बॅटऱ्या पुरणार नाहीत, म्हणून केंद्राच्या इमारतीवर सौर पॅनेलची जागा आणि तारांची नळी आताच राखून ठेवली आहे. बॅटरी तळमजल्यावर ठेवायची नाही, हा नियम मात्र लगेच लागू झाला.

आता कुठे आहे

रात्रीच्या वेळी मार्ग बदलणे जवळजवळ थांबले आहे. कण्याच्या त्रिकोणातला एखादा दुवा मुद्दाम बंद केला तर दहा-पंधरा सेकंदांत वाहतूक दुसऱ्या बाजूने वळते. ही चाचणी महिन्यातून एकदा, दुपारी तीन वाजता, लोकांना सांगून केली जाते. दर वेळी वेगळा दुवा आणि एक महिना आड गेटवेही. न चाचणी केलेला पर्यायी मार्ग गरजेच्या दिवशी असेलच असे धरता येत नाही.

एक भाग अजून कच्चा आहे. गिरणीच्या पलीकडच्या तीन गच्च्या गिरणीवरच अवलंबून आहेत आणि गिरणी कण्याच्या एकाच दुव्यावर. गिरणी ते दुकान दृष्टिरेषा एका पिंपळाने अडवली आहे. पिंपळ तोडायचा प्रश्नच नाही, आणि फांद्या छाटून घेतलेला दुवा पुढच्या पावसाळ्यात ओल्या पानांमागे पुन्हा अर्धमेला होतो. त्याऐवजी शिकवणी वर्गाच्या गच्चीवर ३.५ मीटरचा खांब टाकून तिथून वळसा घेतला तर दोन्ही टप्पे दीडशे मीटरच्या आत आणि पूर्ण मोकळे राहतात. मालकांची संमती मिळाली आहे. खांब, दोन रेडिओंच्या जोड्या आणि ७० मीटर केबल एवढे लागेल. जूनच्या आधी हे काम व्हायला हवे, कारण ओल्या गच्चीवर खांब उभा करणाऱ्याचा पाय घसरतो.